आपल्या लोकांचा खेळ

(मंडळाच्या चिखलदरा येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘करमणूक आणि समाजोन्नती’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक. मेळघाटातील मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात आमची हयात गेली. नाट्यशास्त्राचा अथवा चित्रपटकलेचा आमचा व्यासंग आहे असा दावा आम्ही करीत नाही. परंतु निवृत्तीनंतरच्या सवडीत जे वाचले आणि पाहिले, त्यातून एक विचार मनात पक्का झाला आहे. तो असा की, ज्या समाजाची कथा नेहमी दुसरेच लोक सांगतात, त्या समाजाला आपला चेहरासुद्धा दुसऱ्याच्या आरशात पाहावा लागतो; आणि ज्याने एकदा आपली कथा आपल्या तोंडाने सांगितली, पण ती जतन करून ठेवली नाही, त्याच्या नातवंडांवर पुन्हा तीच पाळी येते. हा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आपण ज्या गिरिस्थानी बसलो आहोत, त्याचे नाव लोकपरंपरा कीचकाशी जोडते. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत लोटले, म्हणून ही कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, असे सांगतात. याच कीचकाच्या कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ हे नाटक लिहिले. ते १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, पण प्रेक्षकांनी सैरंध्रीच्या ठिकाणी पराधीन भारतभूमी पाहिली आणि कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन पाहिला. सरकारनेही तेच पाहिले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. जे भर सभेत बोलता येत नाही ते खेळातून बोलता येते, आणि ते ऐकणाऱ्याच्या काळजाला अधिक भिडते, हे त्यावरून ध्यानात यावे. पण खाडिलकरांच्या प्रेक्षकाला निदान नाट्यगृहाचे दार उघडे होते. ज्यांना ते दारच बंद, किंवा मागल्या बाजूने शिरावे लागे, त्या लोकांनी काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. अमेरिकेचे नाव आपल्या संमेलनात परके वाटू नये. महात्मा जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो ज्या अमेरिकन सज्जनांनी तेथील कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी त्याग केला, त्यांनाच अर्पण केला होता. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या दुःखिताशी नाते जोडणारा तो महापुरुष आपल्याच ज्ञातीत जन्मला, याचा आपण अभिमान बाळगतो. मग त्या दुःखितांचे पुढे काय झाले, हे जाणून घेणे आपले कर्तव्यच नव्हे काय?

गुलामगिरी अमेरिकेत १८६५ साली कायद्याने संपली, परंतु स्पर्शाचा विटाळ संपला नाही. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ असे तत्त्व मान्य केले, आणि मग दक्षिणेकडील राज्यांत आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, असा व्यवहार उजळ माथ्याने चालू राहिला. चित्रपट आला तेव्हा त्याच्या घरातही हीच रीत शिरली. कृष्णवर्णीय माणसाने वेगळ्या जिन्याने वरच्या गॅलरीत जाऊन बसावे. कोठे त्यांच्यासाठी निराळी चित्रपटगृहे. तर कोठे गोऱ्यांचे खेळ आटोपून ते घरी गेल्यावर मध्यरात्री यांचा खेळ. आणि पडद्यावर काय दिसे? कृष्णवर्णीय माणूस म्हणजे एक तर खुळा विदूषक, नाही तर चोर, नाही तर धन्याच्या पायाशी बसलेला नोकर. १९१५ साली ग्रिफिथ नावाच्या दिग्दर्शकाचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट निघाला. कलेच्या दृष्टीने तो मोठा गणला गेला. पण त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांना पशुवत् रंगविले होते, आणि त्यांना ठार मारीत हिंडणाऱ्या टोळीला धर्मवीर ठरविले होते. ती मोडलेली टोळी त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. एका खेळात किती विष मावते, ते पाहा.

कृष्णवर्णीयांनी निषेधाच्या सभा भरविल्या, मिरवणुका काढल्या. पण त्यांच्यातील काही धडपड्या माणसांनी निराळा मार्ग धरला. आपला खेळ आपणच करावा, असे त्यांनी ठरविले. शिकागोच्या विल्यम फॉस्टर यांनी १९१२-१३ च्या सुमारासच एक लहानसा विनोदी चित्रपट काढला होता. पुढे १९१६ साली नोबल जॉन्सन आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. त्यातले जॉर्ज टपालखात्यात नोकरी करीत. त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा नायक कोण, तर टस्कीगीच्या शाळेत शिकून अभियंता झालेला एक शेतकऱ्याचा मुलगा! तो परमुलखात जाऊन कर्तबगारी दाखवितो आणि अखेर आपल्याच बापाच्या जमिनीत तेल शोधून काढतो. आज ही कथा साधी वाटेल. पण ज्यांनी पडद्यावर आपल्या माणसाच्या हातात झाडू आणि पोलादी भांडी याखेरीज दुसरे काही पाहिले नव्हते, त्यांना तो शिकलेला तरुण पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

या सर्वांत थोर नाव ऑस्कर मिशो यांचे. १८८४ साली जन्मलेले मिशो प्रथम आगगाडीतील उतारूंची सेवा करणारे हमाल होते, मग साउथ डाकोटात जमीन घेऊन शेतकरी झाले. आपल्या शेतकरी जीवनावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि दारोदार फिरून विकल्या. लिंकन कंपनीने त्यांची कथा मागितली. मिशो म्हणाले, चित्रपट आम्हीच दिग्दर्शित करू. ते जुळले नाही, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना भाग विकून स्वतःच भांडवल उभे केले आणि १९१९ साली ‘द होमस्टेडर’ हा चित्रपट काढला. पुढे तीस वर्षांत त्यांनी चाळीसच्या वर चित्रपट काढले.

त्यांतील १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ आम्हां शिक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. नायिका सिल्व्हिया एक शिक्षिका आहे. दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीय मुलांची शाळा पैशांअभावी बंद पडण्याच्या बेतात आहे, म्हणून ती निधी मिळविण्यासाठी उत्तरेत जाते. तिच्या पूर्वायुष्याच्या निमित्ताने मिशोंनी जमावाच्या हातून निरपराध माणसांना फासावर लटकविण्याचे भयंकर दृश्य उघड दाखविले. शिकागोत आदल्या वर्षीच वर्णीय दंगल झाली होती, त्यामुळे तेथील परीक्षण मंडळाने खळखळ केली. परंतु चित्रपट दाखविला गेला, आणि ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ला एका शाळामास्तरणीच्या कथेने उत्तर मिळाले. मिशो आपल्या लोकांची नुसती वाहवा करीत नसत, हेही सांगितले पाहिजे. १९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’ या चित्रपटात त्यांनी आपल्याच समाजातील एका ढोंगी धर्मोपदेशकाचे पितळ उघडे पाडले. ती भूमिका पॉल रॉबसन यांनी केली, आणि तेच त्यांचे चित्रपटसृष्टीतील पहिले पाऊल होय.

अशा चित्रपटांना तिकडे ‘रेस फिल्म’ म्हणत. १९१५ च्या सुमारापासून पुढल्या पस्तीस वर्षांत असे सुमारे पाचशे चित्रपट निघाले. ते कमी पैशांत, घाईघाईने, उसन्या घरात आणि उसन्या कपड्यांत काढलेले असत. त्यांतील पुष्कळ कंपन्यांचे मालक गोरेच होते. काहींत नायक उजळ वर्णाचा आणि खलनायक अधिक काळा, असा घरातल्या घरात भेदही दिसे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांत कृष्णवर्णीयांना थोडी बरी कामे मिळू लागली, आणि हे लहान व्यवसाय बंद पडले. मिशो १९५१ साली वारले. मग त्या पाचशे चित्रपटांचे काय झाले? बहुतेक नष्ट झाले. शंभरही शिल्लक राहिले नाहीत. ‘विदिन अवर गेट्स’ तर कायमचा गेला असेच लोक समजत होते. त्याची एकमेव प्रत कोठे सापडावी? स्पेन देशातील संग्रहात, स्पॅनिश नावाने! तिच्यावरून अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९३ साली तो पुन्हा उभा केला. मधल्या पाट्यासुद्धा स्पॅनिशवरून परत इंग्रजीत आणाव्या लागल्या. आपलीच वाणी परक्या भाषेतून परत घेण्याचा प्रसंग त्या समाजावर आला.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे असे काही होते काय? चित्रपट नव्हता, कारण चित्रपटाला भांडवल लागते आणि ते आपल्या वाडवडिलांपाशी नव्हते. पण खेळ होता, आणि त्याचा आरंभ अमेरिकेच्या कितीतरी आधीचा आहे.

१८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. त्यात राजा नाही, राणी नाही, पुराणातला देव नाही. एक कुणब्याची गरोदर बायको आहे, तिचा भोळा नवरा आहे, ग्रहदशेचे भय दाखवून त्यांना लुबाडणारा जोशी आहे, आणि मध्ये मध्ये तोंड घालून प्रेक्षकाला खरे काय ते सांगणारा विदूषक आहे. अखेरीस त्या नवराबायकोचे डोळे उघडतात आणि ती दोघे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकावयास निघतात. मंडळी, ६५ वर्षांनंतर मिशोंच्या चित्रपटात शाळा वाचविण्यासाठी धडपडणारी शिक्षिका आली. आपल्याकडे शाळेच्या दाराशी येऊन थांबणारे नाटक १८५५ सालीच लिहून झाले होते. दोन्ही ठिकाणी दुःखितांना एकच वाट दिसली, आणि ती विद्येची होती.

या नाटकाचे पुढे काय झाले? जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीतील भटमंडळींच्या आग्रहापुढे ते नापसंत झाले, असे त्यांनी स्वतःच ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. ते हस्तलिखितातच पडून राहिले आणि छापले गेले ते १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी! आपल्या भाषेतील एक अगदी आरंभीचे सामाजिक नाटक, आणि ते वाचावयास आपल्या पाच पिढ्यांना मिळाले नाही. स्पेनमधील त्या प्रतीचे नवल करताना आपल्या घरची ही गोष्ट विसरू नये.

नाटक पडून राहिले, पण त्यातला विचार चालता राहिला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, आणि पुढे त्याच्या प्रचारकांनी तमाशाचा घाट उचलून सत्यशोधकी जलसा उभा केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तो विशेष भरास आला. गावच्या लोकांना वाचता येत नव्हते, व्याख्यान ऐकण्याची सवय नव्हती. पण ढोलकीवर थाप पडली की सारा गाव गोळा होई, हे त्या चतुर माणसांनी ओळखले होते. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, असा क्रम असतो. जलसेवाल्यांनी क्रम तोच ठेवला, पण आतला ऐवज बदलला. गणात निर्मिकाचे आणि सत्याचे स्तवन आले. गवळणीतील शृंगाराला रजा मिळाली. कृष्ण आणि पेंद्या यांच्या जागी कोठे कोठे ‘सत्याजीराव’ नावाचा रोखठोक गडी उभा राहिला, आणि तो जोश्याला, सावकाराला, कुळकर्ण्याला प्रश्न विचारू लागला. वगात राजाराणीऐवजी कर्जात बुडालेला शेतकरी आला, लग्नात घर विकणारा बाप आला, मुलाला शाळेतून काढून गुरे राखावयास धाडणारा अडाणी पाटील आला.

याला रंगमंच लागत नसे. देवळापुढचा पार किंवा खळ्याची मोकळी जागा, एखादी गॅसबत्ती, डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज आणि आठदहा माणसे एवढा सरंजाम पुरे. दिवसा वखर हाकणारा माणूस रात्री सावकार होई आणि मिशी काढलेला तरुण पोरगा त्याची बायको होई. स्त्रियांची कामे पुरुषच करीत; हा त्या काळचा दोष होता आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु नट आणि प्रेक्षक एकाच मातीचे होते. सावकाराच्या तोंडी कोणते वाक्य खरे वाटेल, हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते. म्हणूनच तो खेळ अंगाला लागे.

वऱ्हाडच्या जमिनीत हे बी चांगले रुजले, कारण येथे सत्यशोधक विचाराला बळ होते. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा कर्ता पुरुष त्याच वातावरणात वाढला, आणि त्यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. श्री गाडगेबाबांचे कीर्तन तरी दुसरे काय होते? १८७६ साली अंजनगाव तालुक्यातील शेंडगावी, परिटाच्या घरी जन्मलेला हा पुरुष हातात खराटा घेऊन उभा राही आणि श्रोत्यांनाच प्रश्न विचारी. देव कोठे आहे, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालीत नाही? उत्तर श्रोते देत, आणि देता देता स्वतःशीच लाजत. वऱ्हाडी बोलीत चाललेला तो एकट्या माणसाचा जलसाच होता.

परंतु जे आपल्या ज्ञातीला सोसावे लागले त्याच्या कितीतरी पट अधिक ज्यांना सोसावे लागले, त्या अस्पृश्य बांधवांची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. तमाशाची कला मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी जिवंत ठेवली. गाव त्यांच्या ढोलकीवर डोले, आणि सकाळी त्यांनाच विहिरीपासून दूर उभे करी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे गाणे गोड आणि कृष्णवर्णीय मात्र नको, असा जो न्याय होता, तोच हा. पट्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेला निधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारला नाही, ही कथा प्रसिद्ध आहे. आपल्या भगिनींना बोर्डावर नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाची इमारत उभी राहणार नाही, असा त्यातला भाव आम्ही समजतो.

पण तमाशाचाच घाट बदलून जेव्हा जलसा पुढे आला, तेव्हा तो चळवळीचा उजवा हात झाला. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी यांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतरच्या काळात, १९३०च्या दशकात, आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. मेलेले ढोर ओढू नका, वतनाच्या तुकड्यासाठी गुलामी पत्करू नका, दारू सोडा, मुलीला शाळेत घाला, हे त्यांनी गाण्यांतून आणि फार्सांतून सांगितले. या जलशांत स्वजनांचे दोष झाकले जात नसत. मिशोंनी ढोंगी धर्मोपदेशक दाखविला तसे यांनी आपल्याच वस्तीतील व्यसनी आणि देवभोळा दाखविला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांचे पहिले चित्रपट त्याच सुमारास निघत होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्या अमरावतीतही नाट्यगृहाचा असा उपयोग झाला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडच्या अस्पृश्य बांधवांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेथे गाजला. करमणुकीच्या घरात माणुसकीची मागणी केली गेली.

भीमरावांनी आणखी एक मोठे काम केले. म्हातारपणी त्यांनी आपल्या जलशांचा वृत्तांत लिहून काढला, आणि तो १९७८ साली पुस्तकरूपाने आला. म्हणून आज आंबेडकरी जलसा कसा होता, हे सांगता येते. आपल्या सत्यशोधकी जलशांचे तसे झाले नाही. १९३०च्या दशकात चळवळीतील पुष्कळ पुढारी काँग्रेसमध्ये गेले, घरोघर दुसऱ्या कामांचा व्याप वाढला, बोलपट आला, आणि जलसे हळूहळू थांबले. मागे राहिली ती बाडे. आमच्या आजोळी असे एक बाड होते. लाल कापडात बांधलेले, जाड दोऱ्याने शिवलेले, त्यात वग आणि पदे हातांनी उतरविलेली. जुने घर पाडून नवे बांधताना ते रद्दीबरोबर गेले. त्यातली पदे आमच्या एका मावशीला तोंडपाठ होती. आता त्याही नाहीत. अशी बाडे या सभामंडपातील किती घरांतून गेली असतील, ते ज्याचे त्याने आठवावे.

कोणी म्हणेल, गुरुजी, जुने गेले तर जाऊ द्या. आता चित्रपट सर्वांचा आहे, तेथे जातीची रांग नाही. हे काही अंशी खरे आहे. परक्याने आपली कथा सांगू नये, असेही आमचे म्हणणे नाही. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, तो मनापासून काढला, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यांचे ऋण आपण मानतो. परंतु जोतीरावांची कथा आजही सर्वांना सहज पचते असे नाही. २०२५ साली ‘फुले’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा काही मंडळींनी आक्षेप घेतले, परीक्षण मंडळाने जातिवाचक उल्लेख बदलावयास सांगितले, आणि चित्रपट दोन आठवडे उशिरा लागला. शिकागोची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. आणि आपल्या अनुभवातून बोलणारा माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला म्हणजे काय होते, हे नागराज मंजुळे यांनी २०१३ च्या ‘फँड्री’त दाखविले. डुकरे धरावयास लावलेल्या त्या पोराच्या हातातील दगड शेवटी प्रेक्षकाकडेच येतो. तो दगड दयाबुद्धीने लिहिणाऱ्याला सुचला नसता.

याच डोंगरातील एक अनुभव सांगतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना निरनिराळ्या लोकांचे पोशाख करून यावयाचे होते. एका कोरकू मुलाच्या वाट्याला ‘आदिवासी’ आला. तो कमरेला पाने गुंडाळून, डोक्याला पिसे बांधून, तोंडाला कोळसा फासून आला आणि हिंदी चित्रपटात पाहिल्याप्रमाणे विचित्र ओरडत नाचू लागला. टाळ्या पडल्या. त्या मुलाचा बाप समोर बसला होता. त्याच्या अंगावर धोतर, बंडी आणि डोक्याला फेटा होता. त्याच्या घरी ढोल होता, बासरी होती, फाल्गुनात खेळावयाची गाणी होती. आपले पोर कोणाचे सोंग काढीत आहे, हे त्या बापाला कळेना. आणि आपला बापच आदिवासी आहे, हे त्या पोराला पडद्याने विसरावयास लावले होते. ग्रिफिथचे गोरे नट तोंडाला काळे फाशीत. येथे आमच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने फासले. बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या आरशाचा परिणाम याहून स्पष्ट काय सांगावा?

हे फक्त कोरकू मुलांचे झाले असे समजू नका. आपल्या संमेलनात सायंकाळी कोणता कार्यक्रम होतो? ऑर्केस्ट्रा बोलावितो, आपल्या मुली चित्रपटांतील गाण्यांवर नाचतात, आणि आपण बक्षिसे देतो. आनंदाला आमचा विरोध नाही. पण ज्या समाजाच्या पूर्वजांनी ढोलकीच्या तालावर अख्ख्या महाराष्ट्राला प्रश्न विचारावयास शिकविले, त्याच्या संमेलनात विचारण्यासारखा एकही प्रश्न रंगमंचावर येऊ नये, याचे आम्हांस वाईट वाटते.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली ही की, प्रत्येक तालुका शाखेने घरोघर जाऊन जलशांची बाडे, जुन्या हस्तपत्रिका, छायाचित्रे शोधावीत. ती मालकाकडून हिरावून घेऊ नयेत. आज खेड्यापाड्यांतील तरुणांच्या खिशात मोबाइल आहे. पानापानाची छबी काढावी, त्यावर गाव, घर आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत मंडळाकडे, एक सार्वजनिक वाचनालयाकडे द्यावी. एकच प्रत एकाच ठिकाणी राहिली की काय होते, ते आपण ऐकलेच आहे. दुसरी ही की, ऐंशी वर्षांच्या वर वय असलेल्या आजोबा-आजींना बसवून त्यांना आठवतील ती पदे म्हणावयास सांगावीत आणि ती ध्वनिमुद्रित करावीत. हे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही. तिसरी ही की, पुढील संमेलनात एक सायंकाळ ‘तृतीय रत्न’च्या प्रयोगासाठी राखावी. त्यात स्त्रीभूमिका आपल्या मुलींनीच कराव्यात. पूर्वजांची ती उणीव आपण भरून काढू. उच्चार वऱ्हाडी झाले तरी चालतील, पोशाख घरचे असले तरी चालतील. मिशोंचेही उसनेच होते.

आणि त्या प्रयोगाला दारावर ज्ञातीची चौकशी नसावी. ज्यांना इतरांनी मागल्या जिन्याने चढविले, त्यांनी आपल्या खेळाला दुसरा जिना बांधू नये. कोरकू, गवळी, बौद्ध, ब्राह्मण, मुसलमान, जो येईल त्याने पुढल्या सतरंजीवर बसावे. आपली कथा आपण सांगावयाची ती आपल्यापुरती कोंडून ठेवण्यासाठी नव्हे. आपली माणसे ती धीटपणे सांगू शकतात, हे आपल्या मुलांनी आणि शेजाऱ्यांनीही पाहावे, यासाठी.